न कळणाऱ्या भाषेतलं नाटक

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



व्यासपीठावर उभं राहून बोलणं हे माझं काम नव्हे. मंडळाच्या नाटकांना मी प्रकाशयोजना करतो, त्यामुळे तुम्ही मला वायरींच्या गुंत्यातच पाहिलेलं आहे. पण बेल्जियममधल्या लिएज शहरात विद्यापीठीय रंगभूमीचा आंतरराष्ट्रीय महोत्सव बघून आलो, त्याबद्दल बोला, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. माझा भाचा जर्मनीत आखेनला शिकतो. तिथून लिएज रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. रजा काढून भाच्याकडे गेलो होतो आणि नेमके त्याच दिवसांत नाटकं होती.

लिएजचं विद्यापीठ 1817 सालचं. विद्यापीठीय रंगभूमीची आंतरराष्ट्रीय संघटना 1994 मध्ये याच गावात स्थापन झाली. वेगवेगळ्या देशांत तिच्या परिषदा भरतात. तिथे प्राध्यापक निबंध वाचतात आणि विद्यार्थी नाटकं करतात. विद्यापीठीय रंगभूमी म्हणजे केवळ नाट्यशाळेतली मुलं नव्हेत. कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी शिकणारी मुलं संध्याकाळी तालमी करतात. उद्या त्यांतला एखादाच नट होईल, बाकीचे आपापल्या नोकरीला लागतील. म्हणजे आपल्यासारखेच हौशी लोक.

मला सगळ्यात नवल वाटलं ते भाषेचं. प्रत्येक गट आपापल्या भाषेत नाटक करत होता. प्रेक्षक बहुतेक फ्रेंच बोलणारे. दारात एक कागद हातात देत, त्यावर कथानक आठ-दहा ओळींत. बस्स. मी एक लिथुआनियन नाटक पाहिलं. त्यातला एकही शब्द मला कळला नाही, आणि शेजारच्या आजीबाईंनाही कळला नसणार. पण घर विकायला निघालेला मुलगा आणि न बोलणारी आई यांच्यात काय चाललंय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

माझं लक्ष साहजिकच दिव्यांकडे. दिवे चालवणारा माणूस त्या नाट्यगृहाचा, त्याला नाटकाची भाषा येत नव्हती. पाहुण्या गटातली एक मुलगी शेजारी बसून त्याच्या खांद्यावर बोट टेकवी, की तो पुढचा क्रमांक देई. एकदाही चूक झाली नाही. आपण वाक्यावर दिवा बदलतो. तिथे नटाच्या हालचालीवर बदलत होते, त्यामुळे नटाला नेमकं उभं राहावंच लागत होतं.

दुसरी गोष्ट चर्चेची. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गट आणि ज्यांना यायचं ते प्रेक्षक एकत्र बसत. तुम्ही हा प्रसंग असा का बसवला, ही खुर्ची मध्येच का, असे साधे प्रश्न. मोडकंतोडकं इंग्रजी, थोडं फ्रेंच, बाकी हातवारे. परीक्षक नव्हते, करंडक नव्हता. कोण पहिला आला हे विचारायची सोयच नसल्यामुळे माणसं नाटकाबद्दल बोलत होती.

असे महोत्सव युरोपात जुने आहेत. फ्रान्समधल्या नान्सी गावात जाक लांग या तरुणाने 1963 मध्ये विद्यार्थी रंगभूमीचा महोत्सव सुरू केला. हेच गृहस्थ पुढे 1981 मध्ये फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री झाले. 1971 मध्ये तिथे रॉबर्ट विल्सन यांचं एक नाटक झालं. कित्येक तास चालणारं, आणि जवळजवळ निःशब्द. त्यात एका कर्णबधिर मुलाच्या मनातली चित्रं होती. विल्सन यांचं नाव युरोपभर झालं ते तिथून. योगायोग पाहा, पुण्याचा पुरुषोत्तम करंडकही 1963 चाच. त्या करंडकाने मराठीला नट दिले, लेखक दिले, स्पर्धेला मी नावं ठेवत नाही. पण स्पर्धेतली मुलं आपलीच भाषा बोलणाऱ्या परीक्षकांपुढे उभी राहतात. परक्या माणसापुढे उभं राहण्याचा अनुभव निराळा.

आता बेल्जियम म्हणजे भाषेबाबत अगदी सोवळा देश, असं कुणी समजू नये. तिथे डच आणि फ्रेंच भाषिकांचा वाद फार जुना आहे. लूव्हेनचं नामांकित विद्यापीठ 1968 च्या आंदोलनानंतर भाषेवरून दुभंगलं. फ्रेंच विभागासाठी नवं गाव वसवावं लागलं आणि ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा वाटून घेतली गेली. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. पण त्याच देशात दरवर्षी मुलं परक्या भाषांतली नाटकं बोलावतात आणि तिकीट काढून बघतात.

आणि आपल्यालाही हे नवं नाही. मराठी नाटकाचा जन्मच असा झाला. कर्नाटकातल्या कर्कीची भागवत मंडळी 1842 मध्ये सांगलीला आली. त्यांचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं आपल्या भाषेत करा. 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. कानडी मंडळींचा खेळ सांगलीकरांनी बघितला नसता, तर आपली रंगभूमी कधी आणि कशी सुरू झाली असती, कोण जाणे. पुढे धारवाडशी नातं असलेल्या कर्नाडांचा कानडी ‘तुघलक’ तेंडुलकरांनी मराठीत आणला. ही देवघेव दीडशे वर्षांहून जुनी आहे.

हे सगळं आज सांगण्याचं कारण आपल्या मंडळाची एकांकिका. तीन वर्षं झाली, ती बंद आहे. कारण दोनच सांगितली जातात. मुलं म्हणतात, आमचं मराठी ऐकून लोक हसतील. ज्येष्ठ म्हणतात, बघायला येतं कोण? ज्या मुलांचं शिक्षण कानडी आणि इंग्रजीत झालं, त्यांच्या बोलण्यात ‘ळ’ आणि ‘ण’ इकडचे तिकडे होणारच. आपण मात्र पहिल्याच वाचनाला त्यांचे उच्चार सुधारायला बसतो. मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. नाटक वाचतं, पण मराठी बोलायची त्याची एक जागा जाते. घरात आजी गेली की ती शेवटचीच जागा असते.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पुढच्या उत्सवात एकांकिका करायची, आणि जो येईल त्याला भूमिका द्यायची. उच्चार तालमीत आपोआप सुधारतात, आधी सुधारून घ्यायचे नसतात. दुसरं, गल्लीतल्या कानडी शेजाऱ्यांना रीतसर बोलवायचं. आरतीला आणि प्रसादाला ते येतातच, नाटकालाही येतील. कथानकाचा एक कागद कानडीत छापू, खर्च मी करतो. तिसरं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीनंतर अर्धा तास चर्चा. बक्षिसं नकोत, फक्त प्रश्न. पहिला प्रश्न शेजाऱ्यांनी विचारायचा.

दिव्यांचं काम माझ्याकडे आहेच. फक्त शेजारी बसून खांद्यावर बोट टेकवणारं एक मूल मला द्या. त्याला मराठी किती येतं, हे मी विचारणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!