कोयता निघण्याआधी शाळेचं बोलू

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेतील भाषण)



आम्ही जिनिंगमधले कामगार. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण पाळी संपल्यावर पुस्तकं वाचून झालं. भाषा ओबडधोबड असेल, सांभाळून घ्या.

दिवाळी झाली की आपल्या शाळेतले वर्ग अर्धे रिकामे होतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, कुठंही जा, हेच चित्र. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून निघावंच लागतं. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. घरी म्हातारं माणूस असलं तर लेकरू राहतं, नाहीतर कोपीवर जातं. आई फडात आणि थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपीत. मार्च-एप्रिलात परत येते तोवर वर्ग पुढं गेलेला. पटावर नाव आहे, पण धडा वाचता येत नाही. असे दोन-तीन हंगाम गेले की तीच म्हणते, मला आता वर्गात बसायची लाज वाटते. मग घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. आपल्या जिल्ह्यात बालविवाह का थांबत नाहीत, याचं एक उत्तर इथं आहे.

मागं ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्याच्या तळावर साखरशाळा चालवल्या. काम चांगलं होतं. पण टोळी आज या तळावर, उद्या त्या. लेकराचं बस्तान बसायचं कसं? म्हणून आमचं मत असं की लेकरू गावातच राहिलं पाहिजे. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. गावच्याच शाळेत शिकायचं, दुपारी शाळेतला पोषण आहार, सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहाचं, रात्री आजीजवळ किंवा नातेवाईकाकडं झोपायचं. शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वेगळ्या वसतिगृहांची योजनाही आणली. ज्याला न्यावंच लागतं त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते मागून घ्या, तिकडच्या शाळेत दाखवा.

पण हे आपोआप होत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत निदान पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं लिहिलंय. आपल्याकडं काय होतं? रजिस्टर घरी येतं, बाई चुलीपुढं बसून सही करते, झाली मीटिंग! ज्या बाईचं लेकरू मागं राहणार तिनंच तिथं बोलायला पाहिजे.

आता गुरुजींविषयी. त्यांना शिव्या देणं सोपं आहे. जोतिबांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, तसंच शिक्षकांना पगार चांगला द्या असंही सांगितलं. ज्या गुरुजींच्या हाती दोन इयत्ता एकाच खोलीत आहेत, ते एप्रिलात परतलेल्या दहा लेकरांना पहिल्यापासून कसं शिकवणार? इथं आपल्या बारावी-बीए झालेल्या पोरापोरींचं काम आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, म्हणून मराठवाड्यातली आपली पहिली पिढी साहेब झाली. त्या पिढीची नातवंडं आज मोबाइलवर बसलेली दिसतात. (हसू नका, आमच्या घरीही आहे एक.) त्यांनी संध्याकाळी दोन तास विहारात बसावं. गुरुजींना विचारावं कोण कुठं अडलंय, आणि तेवढंच शिकवावं: अक्षर, बेरीज, वजाबाकी. गुरुजींच्या वरचढ व्हायला जाऊ नये.

वसतिगृहाचा प्रस्ताव हंगामाआधी गेला पाहिजे. कोयता निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. म्हणून येत्या रविवारी वंदना झाल्यावर कोणी उठू नका. घरोघरची यादी करायची आहे: कोण जाणार, लेकरं किती, कोणत्या इयत्तेत, मागं कोण राहणार. आजीबाईंनी तर यावंच, रात्रीची जबाबदारी त्यांची आहे. गुरुजींनी यायचं कबूल केलं आहे. वही-पेन आम्ही आणतो.

जयभीम!