कॅमेऱ्याने पाहिलं, हात माणसाने धरला

हेडफोन लावून रस्त्याने चालत असाल, तर एक कान मोकळा ठेवा. आजचा विषयच तसा आहे.

मी सदाशिव पेठेत राहतो. खाली अमृततुल्य, समोर अभ्यासिका, आणि दर दहा पावलांवर एक सीसीटीव्ही. 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' ही आमच्याकडची नवी पुणेरी पाटी. ती वाचली की कसं, सेफ वाटतं.

आता २७ जून २०२३ आठवा. सकाळची वेळ, गजबजलेली पेठ. कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीवर ओळखीच्या तरुणाने कोयता उगारला. ती जीव घेऊन पळतेय, तो मागे. व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, मोबाइलवर सगळीकडे फिरत होता. मी तर तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा मुलीकडे नाही, आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं. आणि खरं सांगू? पोटात गोळा आला. कारण मी तिथे असतो, तर बहुतेक त्यांच्यातच उभा असतो.

कॅमेऱ्याने त्याचं काम चोख केलं. रेकॉर्डिंग. पण कोयत्याचा वार अडवला तो लेशपाल जवळगे या पोराने. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, आपल्यासारखाच. सोबत हर्षद पाटील आणि आणखी काहीजण धावले, म्हणून ती वाचली.

पुढची गोष्ट जास्त बोचते. लेशपालला कौतुकाचे मेसेज आले, तसे 'मुलीची जात कोणती, मुलाची कोणती' असे विचारणारेही आले. त्याने वैतागून सोशल मीडियावर तसं लिहिलं. म्हणजे बघा, हातात फोर-जी, फाइव्ह-जी, आणि प्रश्न पणजोबांच्या काळातला! ज्या पोराने धावताना काहीच विचारलं नाही, त्यालाच हे विचारायचं?

मी टेक्नॉलॉजीच्या विरोधात नाही हं. फुटेज पुरावा म्हणून लागतंच. पण पुरावा घटना घडून गेल्यावर कामाला येतो. घडत असताना लागतो तो माणूस.

प्रत्येकाने कोयत्यासमोर उडी मारावी, असं मी म्हणत नाही. पण फोन काढलाच आहे, तर कॅमेऱ्याआधी ११२ लावा. ठिकाण नीट सांगा, जवळची खूण सांगा. जोरात ओरडा, चार लोक गोळा करा. एखाद्या दुकानाचं शटर उघडून तिला आत घ्या. आणि 'मध्ये पडलो तर आपणच अडकू' ही भीती असेल, तर लक्षात ठेवा: दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी गरजेपुरतं बळ वापरायचा हक्क कायद्यानेच दिलाय.

त्या दिवसानंतर मी एकच सवय लावून घेतलीय. पेठेतून चालताना एक कान मोकळा. पाटी काहीही म्हणो, नजर आपलीच लागते.

तुम्ही काय केलं असतं? खरं खरं सांगा. भेटू पुढच्या भागात!