काळ्या कातळाचा गोरा भाऊबंद
(सारसोळे येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणातून)



महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा दगड, असे आपण मुलांना शिकवितो. या खाडीकाठावरून पूर्वेस दिसणारी पारसिकची डोंगररांग पाहिली तर ते खरेही वाटते. तथापि खाडी ओलांडून साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यास, मनोरी, उत्तन, डोंगरी या गावांकडे गेल्यास फिकट, पिवळसर, बारीक कणांचा कातळ आढळतो. त्यात रायोलाइट आहे आणि ट्रॅकाइटही आहे.

रायोलाइट हा ग्रॅनाइटचा सख्खा भाऊ. दोघांचे द्रव्य एकच. भेद केवळ निवण्याचा. शिलारस भूगर्भात खोलवर सावकाश थंडावला की स्फटिक मोठे होतात व ग्रॅनाइट तयार होतो. तोच रस पृष्ठभागी येऊन झपाट्याने निवाला की कण डोळ्यांस दिसेनासे होतात. लोह व मॅग्नेशियम कमी, सिलिका विपुल, म्हणून रंग फिका. ट्रॅकाइट हा त्यांचा चुलतभाऊ म्हणावा. त्यात सिलिका थोडी कमी असते. दख्खनचे मुख्य लाव्हाथर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. मनोरीचा ट्रॅकाइट त्यानंतर कित्येक लाख वर्षांनी आला. ज्वालामुखीचे हे शेंडेफळच!

हा फरक शिकविण्यास प्रयोगशाळा नको. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीपाशी मुलांना न्यावे. १९०५ मध्ये कोनशिला बसविलेल्या या वास्तूत कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट शेजारी शेजारी नांदत आहेत. मुलांनी हात लावून पाहावे. (आत जाण्यापूर्वीच एक तास निघून जाईल, हा माझा अनुभव आहे.)

आता पंचायत सदस्यांसाठी थोडे परखडपणे बोलतो. खडीसाठी कातळ फोडताना धूळ उडते, आणि सर्व धूळ सारखी नसते. बेसॉल्टमध्ये मुक्त स्फटिकी सिलिका अत्यल्प असते. रायोलाइटमध्ये व ग्रॅनाइटमध्ये ती भरपूर. ती श्वासावाटे फुप्फुसांत रुतते आणि सिलिकोसिस जडतो. या रोगात फुप्फुसांची झालेली हानी कोणत्याही औषधाने भरून येत नाही. खाणीत राबणारा मजूर बहुधा परगावचा. तो आजारी पडून गावी परततो आणि आपल्या दप्तरी त्याची नोंदही राहत नाही. म्हणून दगडखाणीचा ठराव समोर येईल तेव्हा कातळ कोणता, हे आधी विचारावे. छिद्रे पाडताना पाणी सोडणे, क्रशरवर फवारा ठेवणे आणि मजुरांच्या छातीची नियमित तपासणी करणे, या अटी ठरावातच लिहून घ्याव्यात.