शीलसंवर्धन आणि गरीब घरचे मातापिता



विद्येने बुद्धीला धार येते. शील मात्र नित्य सहवासाने घडते. शाळेत मूल पाच-सहा तास असते, उरलेला काळ ते घरच्यांच्या दृष्टीखाली वाढते. तेव्हा चारित्र्याच्या शिक्षणात मातापित्यांना वगळणे म्हणजे पाया सोडून भिंत उभारणे होय. हे सर्वांना मान्य असते. परंतु गरिबाचे घर पुढे आले की सुशिक्षित माणूस विचारतो, निरक्षर आईबाप देणार ते काय?

या संदर्भात ग्वाल्हेरचे उदाहरण मननीय आहे. शिंदे सरकारांच्या या राजधानीतील गोरखी शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. त्यांचे वडील कृष्णबिहारी हे शिक्षक. पुढे मुलगा कानपूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात कायदा शिकू लागला, तेव्हा निवृत्त पित्यानेही त्याच वर्गात नाव घातले. पितापुत्र वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिले. विद्येचा आदर कसा करावा, हे त्या पुत्राने उपदेशातून नव्हे, प्रत्यक्ष पाहून घेतले.

पण ते घर शिक्षकाचे. खाणीत दगड फोडणाऱ्या मजुराच्या घराचे काय? मध्य प्रदेश शासनाने १९९७ साली शिक्षण हमी योजना आणली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीत ४० मुलांच्या, आदिवासी भागात २५ मुलांच्या, पालकांनी मागणी केली, तर ९० दिवसांत शिक्षक देण्याचे बंधन शासनाने स्वीकारले. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांनाच शाळा मागण्याचा अधिकार मिळाला. २००२ च्या राज्य अधिनियमाने पालक-शिक्षक संघ आले. २००९ च्या केंद्रीय कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही ठरविले.

कायद्याने आसन दिले. मान देणे मात्र माणसांच्या हाती आहे. सभा सकाळी अकराला ठेवली, तर मजुराचा दिवसाचा रोज बुडतो. पालकाला बोलावणे येते तेही बहुधा मुलाने आगळीक केली म्हणून. आपली आई गुरुजींसमोर मान खाली घालून उभी आहे, हे दृश्य ज्या मुलाने पाहिले, तो एक तर शाळेचा द्वेष करील, नाही तर आईची लाज बाळगील. दोन्हींत शीलाचा घातच आहे.

यास्तव सभा सायंकाळी, कामावरून परतल्यावर, वस्तीतच घ्यावी. मुलाचा गुण आधी सांगावा, दोष मागाहून. कागदावर अंगठा घेण्यापूर्वी तो वाचून दाखवावा. आणि मुख्य म्हणजे, "हे करा" असे सांगण्याऐवजी "तुम्ही घरी काय करता?" असे विचारावे. दुकानदाराकडून चुकून आलेले जास्तीचे पैसे परत करणारी मोलकरीण प्रामाणिकपणा शिकवीतच असते. गुरुजींनी त्या कृतीचा वर्गात गौरव केला, तर घर आणि शाळा एकच भाषा बोलू लागतात.

मंदिरांच्या महाजन संस्था गरजू विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके व शिष्यवृत्त्या देतात, हे स्तुत्यच आहे. त्या प्रसंगी मुलाच्या आईवडिलांनाही सन्मानाने बोलावून पुढच्या रांगेत बसवावे. त्यास खर्च नाही. पण आपल्या मातापित्यांना समाज मानतो, हे मुलाला त्या दिवशी कळते. तेथूनच आत्मसन्मानाचा, आणि म्हणून सदाचरणाचाही, आरंभ होतो.

इति शम्.