एका वस्तूच्या दोन दिसू लागतात तेव्हा
(वार्षिक सभेत नेत्रविभागातर्फे केलेले भाषण)



नेत्रविभाग म्हटला की मोतीबिंदू आठवतो. आज आम्ही एका निराळ्या तक्रारीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. एका वस्तूच्या अचानक दोन दिसू लागल्या आणि कोणताही एक डोळा झाकताच दुसरी प्रतिमा नाहीशी झाली, तर दोष बहुधा चष्म्याचा नसतो. दोन्ही डोळ्यांचा मेळ बिघडलेला असतो.

प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात व त्यांना तीन मज्जातंतू आज्ञा देतात. सहावा मज्जातंतू दुर्बल झाला की डोळा बाहेरच्या बाजूस वळत नाही. चौथा झाला की जिना उतरताना पायऱ्या दुहेरी दिसतात. तिसरा झाला की पापणी मिटते आणि डोळा बाहेर व खाली ढळतो.

प्रौढ वयात याचे वारंवार आढळणारे कारण म्हणजे मधुमेह व उच्च रक्तदाब. मज्जातंतूस रक्त पुरविणारी सूक्ष्म वाहिनी बंद पडते. मात्र बहुतेक रुग्ण सुमारे 3 महिन्यांत बरे होतात. डोक्यास मार लागल्याने विशेषतः चौथा मज्जातंतू दुखावतो. मेंदूतील गाठ वा क्षयजन्य मेंदूज्वर यांमुळे कवटीतील दाब वाढला, तर सहावा निकामी होऊ शकतो. 2021 साली कोरोनानंतरच्या काळ्या बुरशीनेही अनेकांच्या डोळ्यांची हालचाल थांबविली, हे आपण विसरलेलो नाही.

सर्वांत घातक कारण ओळखण्याची खूण बाहुलीत आहे. बाहुली आकुंचित करणारे तंतू तिसऱ्या मज्जातंतूच्या पृष्ठभागावरून जातात. मधुमेहात हानी सहसा गाभ्यात होते, म्हणून बाहुली बहुधा शाबूत राहते. मेंदूतील रक्तवाहिनीवरील फुगा मात्र बाहेरून दाबतो आणि बाहुली विस्फारते. पापणी पडली, बाहुली मोठी झाली आणि तीव्र डोकेदुखी असली, तर फुगा फुटण्यापूर्वी, त्याच दिवशी, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी व्हावयास हवी. रुग्ण मधुमेही आहे एवढ्यावरून निश्चिंत राहणे योग्य नव्हे. मधुमेह्यासही असा फुगा असू शकतो. बाहुली प्रारंभी शाबूत असली तरी रुग्णाची पुन्हा तपासणी करावी लागते.

आपणांस विनंती एवढीच की, अशा रुग्णास चष्म्याच्या दुकानात वा मालिशवाल्याकडे न पाठविता तत्काळ रुग्णालयात आणावे. येथे काही तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो. हा निरोप आपापल्या गावी व वस्तीत पोहोचवावा, ही नम्र प्रार्थना.