कबुलीची किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुसरी पाळी संपवून मध्यरात्रीनंतर घरी निघालेला एक रोजंदारीवरचा हमाल नाकाबंदीवर अडवला जातो. ओळखपत्र घरी राहिलेले असते. कुठून आलास, पिशवीत काय आहे, या प्रश्नांची तो सरळ उत्तरे देतो. परंतु पिशवीतला डबा रस्त्यावर ओतला गेल्यावर त्याचा आवाज चढतो. शिवी मात्र त्याने दिलेली नसते. तरीही रात्र चौकीत जाते, आणि सकाळी कागदावर लिहिलेले असते की, सदर इसमाने रस्त्यावर शिवीगाळ करून शांतताभंग होईल असे वर्तन केले. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याचे कलम ११२ अशा वर्तनासंबंधी आहे. कोर्टाच्या आवारात कोणीतरी त्याला आपुलकीने सांगतो, ‘कबूल म्हण, दंड भर, दुपारपर्यंत मोकळा होशील. नाकबूल म्हणालास तर तारखा पडतील.’ उदाहरण कल्पित आहे. पण सकाळच्या वेळी फौजदारी कोर्टाचे आवार ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते अपरिचित वाटणार नाही.

हा सल्ला मूर्खपणाचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. त्याचा हिशेब मांडून पाहावा. समजा, दंड बाराशे रुपये आहे आणि हमालाची रोजची कमाई सातशे. खटला लढवायचा तर पाच तारखा धरू. पाच खाड्यांचे साडेतीन हजार रुपये बुडाले. जाण्यायेण्याचा खर्च आणि वकिलाची फी वेगळीच. म्हणजे गुन्हेगार ठरण्याची किंमत बाराशे, आणि निरपराध ठरण्याची किंमत साडेतीन हजारांहून अधिक! शिवाय पहिला सौदा त्याच दिवशी पुरा होतो; दुसऱ्याचा शेवट काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला विवेकी ग्राहक यांपैकी स्वस्त वस्तूच उचलील. म्हणून कबूल म्हणणाऱ्या माणसाला भित्रा ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न त्याच्या धैर्याचा नसून, निरपराधीपणा महाग करून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. महिन्याला पगार आणि हक्काची रजा असणाऱ्याला हीच तारीख एका रजेला पडते. हमालाला ती चुलीला पडते. कायद्याने दोघांना सारखाच दंड सांगितला, तरी ती सारखी शिक्षा होत नाही.

किंमत नेहमी पैशातच मोजली जाते असेही नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-अक्सा भागातील हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि सुमारे चाळीस जोडप्यांना ताब्यात घेतले. बंद खोलीतल्या प्रौढ माणसांवर सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचे, याच अधिनियमाचे ११० कलम लावण्यात आले आणि बाराशे-बाराशे रुपये दंड घेण्यात आला. खोली सार्वजनिक जागा कशी, हा प्रश्न न्यायालयात विचारता आला असता. परंतु तो विचारायचा म्हणजे घरी कळायचे. तिथे खाड्याचे काम लज्जेने केले.

तथापि या साऱ्या हिशेबात एक रकाना रिकामाच राहतो. दंड भरला की प्रकरण संपले, असे सल्ला देणारा समजतो. वस्तुतः तिथे एक दोषसिद्धी नोंदली जाते. अशा लहान खटल्यात दंडाधिकाऱ्याने आरोपीला आरोप समजावून सांगावा, कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यावी आणि तिच्यावरून दोषी ठरवायचे की नाही हे स्वविवेकाने ठरवावे, असे कायदा सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे २५२ कलम हे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. ‘आरोपीच्याच शब्दांत’ या दोन शब्दांना अर्थ आहे. ‘माझा आवाज चढला, पण मी शिवी दिली नाही,’ हे हमालाचे शब्द असतील, तर ती कबुली नव्हेच. गर्दीच्या कोर्टात त्यांचे ‘गुन्हा कबूल’ एवढेच उरते. आणि एकदा ते उरले, की पुढची वाट जवळजवळ बंद होते. कारण कबुलीवरून झालेल्या शिक्षेविरुद्ध दंडाधिकाऱ्याच्या वरच्या न्यायालयात जायचे, तर शिक्षेचे प्रमाण व तिची वैधता एवढ्यापुरतेच अपील करता येते. ‘मी ते केलेच नव्हते,’ हे सांगण्याची संधी त्या एका सकाळीच खर्ची पडते.

ही नोंद पुढे कुठे आडवी येईल हे त्या सकाळी दिसत नाही. सरकारी नोकरीच्या पडताळणी अर्जात ‘पूर्वी शिक्षा झाली आहे काय’ असा रकाना असतो. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले की, क्षुल्लक प्रकरण असेल तर नोकरी देणाऱ्याने ते दुर्लक्षावे, हे त्याच्या विवेकावर आहे. म्हणजे हमालाच्या मुलाने उद्या असा प्रसंग ओढवून घेतला, तर त्याचे भवितव्य कोणा अधिकाऱ्याच्या विवेकावर राहील. आणि पारध्यांसारख्या समाजांचे काय? १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरील तो शिक्का १९५२ साली कायद्यातून गेला; चौकीतून गेला असे कोण म्हणेल? नाकाबंदीवर ज्याला आधी अडवले जाते, त्याच्या नावावर आधी नोंद होते. आणि ज्याच्या नावावर नोंद असते, त्याला पुन्हा आधी अडवले जाते. प्रत्येक खोटी कबुली या चक्राला एक दाता जोडते.

आपल्या चळवळीला ‘गुन्हा कबूल’ हे शब्द परके नाहीत. किंबहुना त्यांचा आपल्याला अभिमान आहे. एप्रिल १९१७ मध्ये मोतीहारीच्या न्यायालयात गांधीजींनी चंपारण सोडण्याचा हुकूम मोडल्याचे मान्य केले, आणि सरकारला खटला मागे घ्यावा लागला. १९२२ साली अहमदाबादेत राजद्रोहाचा आरोप कबूल करून त्यांनी सहा वर्षांची शिक्षा स्वीकारली. परंतु सत्याग्रहीची कबुली आणि त्या हमालाची कबुली यांत एक मूलभूत भेद आहे. सत्याग्रही आपण जे केले ते कबूल करतो आणि कायद्याला दोषी ठरवतो. हमाल जे केले नाही ते कबूल करतो आणि स्वतःला दोषी ठरवतो. पहिली कबुली सत्याचा आग्रह आहे. दुसरी सत्याचा लिलाव.

आणि लढणे हाही आपलाच वारसा आहे. कालव्याच्या पाण्याचे वाढीव दर शेतकऱ्यांनी भरू नयेत, असे भाषण केल्याबद्दल डॉ. राममनोहर लोहियांना १९५४ साली उत्तर प्रदेशात फर्रुखाबाद येथे अटक झाली. तुरुंगाला सरावलेल्या माणसाने ती शिक्षा सहज भोगली असती. त्यांनी अटकेलाच आव्हान दिले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. सरकार वर गेले, आणि १९६० साली सर्वोच्च न्यायालयानेही १९३२ च्या त्या कायद्याचे संबंधित कलम घटनाबाह्य ठरवले. लहान आरोप लढवला गेला म्हणून एक मोठे कलम पडले.

मग प्रत्येकाला ‘लढ’ असेच सांगावे काय? नाही. जे केले आहे ते प्रामाणिकपणे कबूल करण्यात कमीपणा नाही. तिथे १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली केवळ समज देऊन सोडण्याची विनंती करता येते. शिवाय निर्णय शेवटी ज्याच्या अंगावर तारखा पडणार त्याचाच असला पाहिजे. दुसऱ्याचा संसार पणाला लावून आपले तत्त्व सिद्ध करणारा कार्यकर्ता आणि ‘कबूल म्हण’ सांगणारा आवारातला इसम, दोघेही त्या माणसाच्या वतीने परस्पर ठरवून मोकळे होतात.

कार्यकर्त्याचे काम वेगळे आहे. ठरवण्यापूर्वी त्याने संबंधित माणसाला पूर्ण हिशेब सांगावा. निव्वळ दंडाच्या गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, आणि जामीनदार मिळत नसेल अशा गरिबाला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. अशा गुन्ह्याची दखल न्यायालयाने सामान्यतः सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. दंडाधिकाऱ्याने परवानगी दिल्यास वकील हजर राहू शकतो आणि खाडे वाचतात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील माणसे यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. हे आरोपीला आपण होऊन सांगण्याचे कर्तव्य न्यायालयाचे आहे. ते न पाळल्यामुळे १९८६ साली सुक दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षाच रद्द केली.

पण मोफत वकील खाडा भरून देत नाही. आजारपण आणि म्हातारपण यांचा भार हमालाने एकट्याने सोसू नये, हे तत्त्व १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात मान्य करून घेतले. तारखेचा भार मात्र अजून त्याच्या एकट्याच्याच पाठीवर आहे. दोनशे सभासदांच्या संघटनेत प्रत्येकी वीस रुपये जमले, तरी चार हजार होतात, आणि मघाचे पाच खाडे त्यांत भरून निघतात. असा खाडानिधी उभा राहिला, की तोच हमाल पुन्हा हिशेब मांडील आणि हिशेबाचे उत्तर बदललेले असेल. त्यानंतरही त्याने ‘कबूल’ म्हटले, तर तो त्याचा निर्णय असेल. आज तो त्याच्या दारिद्र्याचा निर्णय आहे.