दान नव्हे, दाम
(महोत्सवाच्या सभेंत विद्यार्थ्यांपुढें केलेलें भाषण)



परोपकाराविषयीं आपण पुष्कळ ऐकतों. आज आम्ही त्याचें एक निराळें उदाहरण सांगणार आहों.

मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा देशांत, पूर्वीं रस्त्यावर वाढलेलीं कांहीं मुलें एका आश्रयगृहांत राहून मनगटावर बांधावयाच्या रंगीत दोऱ्यांच्या पट्ट्या विणीत. स्पॅनिश भाषेंत त्यांस ‘पुल्सेरा’ म्हणतात. २००९ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून आलेल्या कांहीं तरुणांनीं त्या पाहिल्या व मायदेशीं नेल्या. त्यांतूनच ‘पुल्सेरा प्रोजेक्ट’ ही संस्था उभी राहिली. पुढें ग्वातेमालांतील कारागीरही तींत सामील झाले.

तिची रीत साधी आहे. आगाऊ पैसे न घेतां संस्था शाळेकडे पुल्सेरांची पेटी धाडते. विद्यार्थी एक-दोन आठवडे त्या विकतात; मग जमलेली रक्कम व उरलेला माल परत जातो. प्रत्येक पुल्सेरेस कारागिराचें छायाचित्र व सही असलेली चिठ्ठी असते. त्यामुळें हें कोणाच्या हातचें काम, तें घेणाऱ्यास कळतें. कारागिरास मोबदला मिळतो, आणि उत्पन्नांतून शिष्यवृत्त्यांसारखीं कामें चालतात.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? वर्गणी जमवून धाडली, म्हणजे झालें! मित्रहो, भेद येथेंच आहे. दान घेतांना मान खालीं जाते. कष्टाचा दाम घेतांना ती ताठ राहते.

परंतु येथेंही एक धोका आहे. दया म्हणून घेतलेली वस्तु एकदांच घेतली जाते. आवडली म्हणून घेतलेली पुन्हां मागितली जाते. कारागिरास हवी असते ती ही दुसरी मागणी. एप्रिल २०१८ मध्यें निकाराग्वांत राजकीय क्षोभ उसळला, माणसें मारलीं गेलीं, आणि परदेशी प्रवासी येईनासे झाले. ज्यांचा माल केवळ प्रवाशांवर खपतो, त्यांच्या चुली अशा वेळीं थंडावतात. दूरच्या शाळांतील गिऱ्हाइकी किती मोलाची, तें तेव्हां कळतें.

आणि आपण? फेस्ताच्या बाजारांत सुपें विकणाऱ्या बाईशीं आपण वीस रुपयांसाठीं घासाघीस करतों, आणि परततांना दानपेटींत पन्नास टाकून समाधान पावतों! आम्हींही तें केलें आहे. यापुढें तिचें नांव विचारूं, तिचा रास्त भाव देऊं, आणि माल चांगला असल्यास पुढील वर्षीं पुन्हां तिच्याकडेच जाऊं. महोत्सवाची याहून चांगली आठवण आम्हांस सुचत नाहीं.